आजीचा वाफा, बाबांचं लॉन

अंगणातल्या हिरवळीचा एक पट्टा उचलायचा आणि तिथे फुलं-भाज्या लावायच्या. ऐकायला एका वीकेंडचं काम! वऱ्हाडच्या काळ्या मातीत त्याला जवळपास वर्ष लागलं...

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतला शनिवार. सकाळी पाऊस होऊन गेलेला, हवा एकदम झकास, कुणाचीही डेडलाइन डोक्यावर नाही आणि हातात इतवाऱ्यातून आणलेली नवी कोरी कुदळ. राजापेठेतल्या आमच्या घरासमोरच्या लॉनचा, कंपाउंडच्या भिंतीलगतचा पट्टा काढायचा आणि तिथे मस्तपैकी वाफा करायचा, असा माझा प्लॅन होता. लांबी तीस फूट, रुंदी दोन फूट. म्हणजे साठ चौरस फूट. त्यात काय एवढं?

अर्ध्या तासात माझी अवस्था पाहण्यासारखी होती. दोन्ही चपलांना किलोकिलोभर चिखल, कुदळीच्या पात्यावर मातीचा गोळा, तळहाताला फोड. आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेली आजी हसून हसून बेजार!

"चिखलात कुदय मारते काय वं कोनी?"

मी ऐकलं नाही. मास कम्युनिकेशनची डिग्री असलेल्या माणसाला आजीकडून कुदळ शिकायची म्हणजे काय! दोन दिवस खपून पट्टा खणला. गवताचे तुकडे तुकडे केले, ते तिथेच मातीत मिसळले (खत होईल म्हणून!), वर शेणखत टाकलं आणि मेथी पेरली. तीन आठवड्यांनी मेथी कुठे दिसेना. गवत मात्र होतं, आधीपेक्षा दाट, आधीपेक्षा हिरवं. मी शेणखत घालून त्याची बडदास्तच ठेवली होती.

देवाला चालते, वावराला नाही

या गवताचं नाव हरळी. आजीच्या तोंडी 'हरयी'. गणपतीला आपण एकवीस दूर्वा वाहतो ना, तीच ही. लॉनवाले तिला दूब म्हणतात, इंग्रजी जग बर्म्युडा ग्रास म्हणतं. एकच गवत, पण देव्हाऱ्यात पूज्य, बंगल्यासमोर शोभेचं आणि वावरात डोक्याला ताप! कपाशीच्या वा तुरीच्या वावरात कुंदा आणि हरळी शिरली की वऱ्हाडी शेतकऱ्याची झोप उडते, ती उगीच नाही.

कारण तिची रचनाच तशी आहे. हरळीला दोन प्रकारची खोडं असतात. एक जमिनीवरून सरपटत जाणारं आणि दुसरं जमिनीखालून. दोन्हींना बोट-बोटभर अंतरावर पेरं. प्रत्येक पेराला एक डोळा, आणि तो डोळा म्हणजे एक नवं झाड. म्हणजे मी कुदळीने एका मुळीचे दहा तुकडे केले, तेव्हा खरं तर दहा रोपं लावत होते. पावसाळी ओल, ढगाळ हवा, एकही मुळी वाळायचा संभव नाही. लॉन लावणारे कंत्राटदार नेमकं हेच करतात. पोतंभर हरळीच्या मुळ्या आणतात आणि ओल्या जमिनीत टोचतात!

आमच्याकडचं लॉनही असंच टोचलेलं. वीसेक वर्षांपूर्वी बाबांनी घर बांधलं, तेव्हा हॉलच्या फरशीवरून भांडणं झाली, पण लॉन मात्र त्यांनी कुणालाही न विचारता लावलं. आजी तेव्हा गावाहून घर पाहायला आली होती. फाटकातच थबकली आणि बाबांना म्हणाली, "आम्ही जलमभर जे उपटलं, थे तू पैसे देऊन लावलं काय रे बाप्पा?"

हा किस्सा आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला सांगितला जातो. सगळे हसतात. बाबा हसत नाहीत, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वाफा कशाला हवा होता?

आजोबा गेले, शेत ठोक्याने दिलं आणि आजी कायमची राजापेठेत आली. वय ऐंशीच्या पुढे, तब्येत ठणठणीत. पण तिला करायला काही नव्हतं. राजापेठच्या उड्डाणपुलावरची वाहनं गच्चीवरून किती वेळ बघणार? टीव्ही लावला की झोप लागायची. मग हळूहळू बोलणं कमी झालं. संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारायची, "आता काय करू?" आणि आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नसायचं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

म्हणून हा खटाटोप. तिला खाली वाकून खुरपता येईल, बसल्या जागेवरून हात पोचेल एवढा एक वाफा. दोन फूट रुंदी त्यासाठीच. भिंतीला लागून असलेल्या वाफ्यात एकाच बाजूने हात घालता येतो आणि दोन फुटांपलीकडे तो पोचत नाही.

बाबांचा ठाम नकार होता. "लॉनला हात लावायचा नाही. कुंड्या आणा हव्या तितक्या." पहिल्या वेळी ते गावाला गेले असताना मी पट्टा खणला होता. परत आल्यावर काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं. गवत परत उगवलं तेव्हा घरात एकच माणूस मनातून खूश होता.

लॉन आलं कुठून?

खरं तर लॉन ही आपल्या हवेची गोष्टच नाही. बारमाही रिपरिप पावसाच्या इंग्लंडात जमीनदारांनी वाड्यांसमोर हिरवळी ठेवल्या. आमच्याकडे इतकी जमीन आहे की काही न पिकवता ती नुसती सोडून देऊ शकतो, हे दाखवायला. गवत कापायला विळेवाल्यांची फौज लागायची, नाहीतर मेंढ्या. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि लॉन मध्यमवर्गाच्या दारात आलं. आपल्याकडे ते साहेबांच्या बंगल्यांतून आणि क्लबांतून आलं. मग रेस्ट हाउस, मग मंगल कार्यालयं ('लॉन्स' हा शब्दच लग्नाच्या हॉलसाठी रूढ झाला की!), आणि मग आपण.

आता जरा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचं लॉन साधारण चारशे चौरस फूट, म्हणजे सदतीस चौरस मीटर. अमरावतीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना रोज सहा मिलिमीटर धरले, तरी सव्वादोनशे लिटरच्या आसपास जातात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे नियोजनाचं माप आहे. म्हणजे आमचं लॉन हे घरातलं आणखी दीड माणूस! आणि पाणी येतं कुठून, तर मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून.

गवत आणि पाणी हे भांडण आपल्याला नवं नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये मैदानांच्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. तिकडे अमेरिकेत नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला: रस्त्याकडेच्या, ऑफिसांसमोरच्या नुसत्या शोभेच्या गवताला कोलोराडो नदीचं पाणी बंद, मुदत २०२६ अखेर. स्वतंत्र घरांना त्यातून वगळलंय, पण घरचं लॉन स्वतःहून काढणाऱ्यांना लास व्हेगासचं पाणी खातं चक्क पैसे देतं.

हे सगळं मी बाबांना जेवताना ऐकवलं. त्यांनी ताटातली भाकरी संपवली आणि पहिल्यांदाच सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची सगळी भावंडं आजीसोबत वावरात हरळी वेचायला जायची. नांगरटीनंतर ढेकळांतून मुळ्या काढायच्या, टोपल्यात भरायच्या, धुऱ्यावर नेऊन टाकायच्या. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली ढेकळं. शहरातली मुलं सुट्टीत मामाकडे जात आणि हे हरळीकडे! "तेव्हा ठरवलं होतं, एक दिवस माझ्या दारात हीच हरळी असेल आणि तिच्यावर मी नुसता बसीन."

आता बोला! यावर नेवाडाचा कायदा काय सांगणार?

शेवटी तह झाला तो असा: चारशेपैकी फक्त साठ फूट. उरलेल्या लॉनला हात नाही. आणि काम आजी सांगेल तसंच.

राउंड टू: डायरेक्टर आजी

आजीची पहिली अट म्हणजे मुहूर्त. जुलै नाही, एप्रिलचा शेवट. "उन्हाले करू दे काम, तू नुसती मदत कर." उन्हाळी नांगरट करून हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हात तापवायची वऱ्हाडातली पद्धत जुनी आहे. आजकाल प्लॅस्टिक अंथरून माती तापवतात त्याला 'सोलरायझेशन' म्हणतात. उष्णता तीच, नाव तेवढं नवं.

दुसरी अट वाफसा. काळी माती ओली असेल तर लोण्यासारखी चिकटते, सुकली की दगड होते. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा. ज्यांच्या नैसर्गिक शेतीची देशभर चर्चा झाली ते आपले अमरावतीचे सुभाष पाळेकर (२०१६ चे पद्मश्री) त्यांच्या पद्धतीचे चार खांब सांगतात: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. आजीने पाळेकरांचं पुस्तक वाचलेलं नाही, पण मुठीतला गोळा तिला बरोबर कळतो. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी पट्ट्याला हलकं पाणी दिलं आणि दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आजीने गोळा फोडला. "हं. आता."

मग कामाला लागलो. आधी दोरी ताणून रांगोळीने रेघ. (तुम्हाला वळणदार कड हवी असेल तर पाण्याचा पाइप जमिनीवर हवा तसा वळवून ठेवा, त्याच्या कडेने रांगोळी टाका.) रेघेवर धारदार फावडं उभं रोवून काप. मग फूटभर रुंदीचे आडवे काप. आता फावडं जवळजवळ आडवं धरून दोन इंच खालून सरकवायचं आणि गवताची चटई मुळांसकट सोडवायची. मागे गुंडाळत न्यायची, अंथरुणाच्या वळकटीसारखी. शेजारच्यांकडे आहे तसं मेक्सिकन कार्पेट असेल तर ही चटई छान सुटून येते. हरळीत ती फाटते, कारण खालची खोडं खोल गेलेली असतात.

आणि वजन! कुणी सांगितलं नव्हतं. साठ चौरस फूट गुणिले दोन इंच म्हणजे दहा घनफूट माती. भरते चारेकशे किलो. पंचवीस घमेली! जिममध्ये पैसे भरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

या चटयांचं काय केलं? फाटकाजवळ गाडी वळवून लॉनला जे टक्कल पडलं होतं, तिथे चांगल्या चटया बाबांनी स्वतः बसवल्या. (पहिलं सहकार्य!) बाकीच्या गच्चीवर उलट्या, मुळं वर करून, पंधरा दिवस तापवल्या. मेमधल्या अमरावतीच्या गच्चीवर काहीही वाळतं. कुरडया वाळतात तिथे हरळीचं काय! मग काठीने झोडपून माती वेगळी केली. ती परत वाफ्यात घालायची, कारण दोन इंचांचा वरचा थर हाच सगळ्यात कसदार असतो. न वाळवता हिरव्या चटया खताच्या खड्ड्यात टाकल्या, तर खड्ड्यात हरळीची नर्सरी तयार होते.

पण खरं काम चटई निघाल्यावर सुरू झालं. पट्टा टिकासाने नऊ इंच खोल उकरायचा, ढेकळं मोठी ठेवायची, फोडायची नाहीत. आठ दिवस ऊन. मग ढेकूळ हातात घेऊन फोडायचं आणि पांढऱ्या-पिवळट मुळ्या ओढून घमेल्यात. तोडायच्या नाहीत, लांबच्या लांब ओढायच्या. पुन्हा उकरायचं, पुन्हा आठ दिवस. असं तीनदा. आजी खाली पोतं टाकून बसायची. माझ्या हातून निसटलेल्या मुळ्या तिला बरोबर दिसायच्या. "मुयी राह्यली की हरयी राह्यली." दुसऱ्या खेपेला बाबा शेजारी येऊन बसले. दोघं काही बोलत नव्हते, नुसते वेचत होते. एवढ्या वेगाने दोन माणसांना काम करताना मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

तणनाशक मारलं असतं तर? हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. ग्लायफोसेट मुळापर्यंत पोचतं हे खरं. पण २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा अशी अधिसूचना काढली, म्हणजे हे काही गच्चीवर चपला घालून फवारायचं औषध नव्हे. शिवाय २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हतं. पण जिथे आजी बोटाने माती चाचपणार, तिथे मला पंप नको होता.

कड सांभाळली तर वाफा

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. वाफा झाला, आता कडेला विटा लावू! तिरप्या विटांची ती करवतीसारखी कड, गेरू-चुन्याने रंगवलेली, शाळेपासून रेस्ट हाउसपर्यंत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दिसते झकास. पण दोन विटांच्या फटीतून हरळी आरामात पलीकडे जाते आणि मग विटांमधून ती ओढताही येत नाही. सिमेंटने फटी बुजवल्या तर? आमच्या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. दोन-तीन वर्षांत सिमेंटची कड तडकते आणि हरळीला तेवढंच हवं असतं.

आमचा उपाय बिनपैशाचा. लॉन आणि वाफा यांच्यामध्ये सहा इंच खोल चारी. लॉनकडची बाजू उभी, वाफ्याकडची उतरती. हरळीचं धावतं खोड कडेवर येतं, खाली माती सापडत नाही आणि हवेत लोंबकळतं. ते कात्रीने कापायचं. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून दोनदा. भेगांनी कड ढासळली तर फावड्याने पुन्हा उभी कापायची. पक्कंच काही हवं असेल तर शहाबादी फरशीचे तुकडे नऊ-दहा इंच खोल उभे पुरावेत, सांधे एकमेकांवर चढवून.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर राहिलेल्या मुळ्यांनी डोकं वर काढलंच. पण यावेळी मोजता येतील इतकीच, आणि भुसभुशीत मातीतून अख्खी मुळी ओढून निघत होती. मग शेणखत घालून सहा इंच उंचीचा गादीवाफा केला, कारण काळ्या मातीत सपाट वाफ्यात पावसाचं पाणी तुंबतं. वर सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन. गवार, चवळी, आंबाडी, दोन वांगी, आणि भिंतीकडे झेंडू. जूनमध्ये झेंडूचं बी टाकलं की दसऱ्याला फुलं हमखास. आजीने स्वतःच्या वाफ्यातल्या फुलांचा हार अंबादेवीला नेला. त्या दिवशी तिने "आता काय करू?" विचारलं नाही, आणि पुढे थंडीत सांभार पेरल्यापासून तर तिला आमच्याशी बोलायलाच वेळ नाही.

पाणी वाचलं का? प्रामाणिक उत्तर: थोडंसं. वाफ्यालाही पाणी लागतंच. पण मे महिन्यात तो उकरून तापत पडलेला असतो, तेव्हा त्या साठ फुटांचं रोजचं तीसेक लिटर वाचतं. आच्छादनामुळे एरवीही कमी लागतं.

आणि बाबा? त्यांचं लॉन आहे. संध्याकाळी खुर्ची टाकून ते तिथेच बसतात. फक्त रविवारी सकाळी कात्री घेऊन चारीच्या कडेने सरकत जातात, लोंबकळणारी हरळी कापत. मी म्हटलं, मी करते, तुम्ही बसा. तर म्हणाले, "तुला जमत नाही, तू पेर सोडतेस." मागून व्हरांड्यातून आवाज आला, "तू बी सोडूनच राह्यला, पाय तिकडं कोपऱ्यात!"

बाबा मुकाट्याने कोपऱ्याकडे गेले.

कुदळ हातात घेण्याआधी...

• आधी गवत ओळखा. हरळी असेल तर नुसती चटई उचलून भागत नाही, खाली नऊ इंच मुळ्या वेचाव्याच लागतात. लव्हाळा असेल तर त्याच्या गाठीही.

• वेळ एप्रिलअखेर ते मेअखेर. काम सकाळी नऊच्या आत. माती तापवायची आहे, स्वतःला नाही!

• वाफसा तपासा. गोळा होत नसेल तर हलकं पाणी द्या, फुटत नसेल तर थांबा.

• कडुनिंब, आंबा अशा मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ खोल उकरू नका, मुळं दुखावतात. नळाची लाइन, वायर आणि सेप्टिक टँक कुठे आहे ते आधी विचारून घ्या.

• रोटाव्हेटर किंवा पॉवर टिलर फिरवायचा मोह टाळा. हरळीचे हजार तुकडे म्हणजे हजार रोपं.

• सगळं लॉन एकदम काढू नका. जेवढी कड दर रविवारी कात्रीने सांभाळता येईल, तेवढाच वाफा करा.

• घरात वावरात राबलेलं कुणी असेल, तर आधी त्यांना विचारा. आमची चपलांवरची दोन किलो माती आणि अख्खी मेथी वाचली असती.